ग्राफिक्स कार्ड घेताना ब्रँड किती बघायचा आणि बोर्ड किती?

२०२५ च्या शेवटी रॅमचे भाव चढायला लागले आणि कॉम्प्युटर असेंबल करायला निघालेल्या माणसाचं बजेटच कोलमडलं. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी इतकी लागते आहे की उत्पादकांनी आपला माल तिकडे वळवला. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने ‘क्रुशल’ हा सर्वसामान्य ग्राहकांसाठीचा ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. ग्राफिक्स कार्डावरची मेमरीही सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन याच तीन कंपन्या बनवतात, त्यामुळे कार्डांना या महागाईची झळ लागणारच.

अशा वेळी नागपुरात बर्डीवरच्या दुकानाच्या काउंटरवर चार खोकी समोर येतात. चारही खोक्यांवर एनव्हिडियाच्या चिपचं आरटीएक्स ५०६० टीआय हेच नाव लिहिलेलं, ब्रँड मात्र चार आणि किमतीत हजारोंचा फरक. दुकानदार म्हणतो, “भाऊ, सध्या हेच चालून राहिलं.” चालून राहिलं म्हणजे खपतंय. पण नागपूरच्या मे महिन्यात ते तीन-चार वर्षं टिकेल का, हे ठरवायला खोक्याच्या आत काय आहे ते कळायला हवं.

चिप एकाची, कार्ड दुसऱ्याचं

ग्राफिक्स कार्डाचा मेंदू म्हणजे जीपीयू ही चिप. तिची रचना एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेल करते. या तिघांच्याही सध्याच्या पिढीतल्या चिप प्रत्यक्षात तैवानच्या टीएसएमसी कंपनीत तयार होतात. आसुस, एमएसआय, गिगाबाइट, झोटॅक, सफायर, पॉवरकलर हे ब्रँड ती तयार चिप विकत घेतात. तिच्याभोवतीचा बोर्ड, वीज देणारे भाग, उष्णता ओढून घेणारा धातूचा हीटसिंक आणि पंखे त्यांचे असतात. ट्रकचं इंजिन आणि चॅसिस कंपनीकडून येतं आणि बॉडी वेगवेगळे कारखाने बांधतात, तसाच हा व्यवहार आहे. ट्रक किती ओढेल ते चॅसिसवर ठरतं. दार खडखडतं की नाही आणि पत्रा किती वर्षं टिकतो, ते बॉडी बांधणाऱ्यावर.

चिपमध्येच दोष असला तर ब्रँड कितीही मोठा असो, त्याच्या हातात काही नसतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये आरटीएक्स ५०९० आणि ५०७० टीआय कार्डांपैकी काहींमध्ये चिपचा एक छोटा भाग बंद असल्याचं उघड झालं. चित्राचे अंतिम पिक्सेल मेमरीत लिहिणारे जे घटक चिपमध्ये असतात, त्यांना आरओपी म्हणतात. ५०७० टीआयमध्ये ते ९६ हवेत, दोषी कार्डांत ८८ निघाले. अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी कार्डांत हा दोष आहे आणि कामगिरी सरासरी ४ टक्क्यांनी घटते, असं एनव्हिडियाने सांगितलं आणि अशी कार्डं बदलून घेण्याची सोय झाली. ज्यांनी कार्ड लावल्यावर एक मोफत सॉफ्टवेअर उघडून आकडा पाहिला, त्यांनाच हे कळलं. त्या तपासणीकडे पुढे येऊच.

ब्रँडची नावं वेगळी म्हणून कारखाने वेगळे, असंही समजू नका. झोटॅक आणि इनो३डी एकाच पीसी पार्टनर समूहाचे, तर गॅलॅक्स आणि गेनवर्ड पॅलिट समूहाचे. सफायरकडे फक्त एएमडीच्या चिपची कार्डं मिळतात.

ब्रँडच्या आधी खोक्यावरचं पूर्ण नाव वाचा

सगळ्यात महाग पडणारी चूक इथेच होते. आरटीएक्स ३०५० हे कार्ड ८ जीबी आणि ६ जीबी अशा दोन प्रकारांत मिळतं. फरक फक्त मेमरीचा वाटतो, पण ६ जीबीवाल्यात गणिती कोअर २५६० ऐवजी २३०४ आहेत आणि मेमरीचा रस्ता १२८ बिटऐवजी ९६ बिटचा आहे. जीटी १०३० चंही तसंच. जीडीडीआर५ मेमरीवाल्या मूळ कार्डाची मेमरी सेकंदाला ४८ जीबी डेटा देते, त्याच नावाचं डीडीआर४ वालं कार्ड जेमतेम १७ जीबी. ५०६० टीआय ८ आणि १६ जीबीमध्ये आहे. तिथे कोअर सारखेच आहेत, पण नव्या गेममध्ये टेक्श्चर (चित्रातल्या पृष्ठभागांचा बारकावा) हाय ठेवलं की ८ जीबी लवकर भरतात आणि चित्र अडखळायला लागतं. १६ जीबीचं साधं मॉडेल आणि ८ जीबीचं झगमगीत मॉडेल एकाच भावात मिळत असेल, तर साधंच घ्या.

कार्डावर वीज कशी फिरते

“कंपोनंटची क्वालिटी” हा शब्द दुकानात सतत ऐकू येतो. त्यात बहुतेक वेळा व्हीआरएमबद्दल बोलणं चाललेलं असतं. एसएमपीएसमधून, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून, कार्डाला १२ व्होल्ट मिळतात, चिपला मात्र साधारण १ व्होल्ट लागतो. १२ चा १ करणारी जी यंत्रणा कार्डावर असते, ती व्हीआरएम.

१८० वॉटच्या कार्डात चिपच्या वाट्याला समजा १२० वॉट आले. १ व्होल्टला १२० वॉट म्हणजे १२० अँपिअर करंट. इतका करंट एका वाटेने नेता येत नाही, म्हणून तो अनेक फेजमध्ये वाटतात. प्रत्येक फेजमध्ये करंट चालू-बंद करणारा मॉस्फेट, चौकोनी करड्या डबीसारखी दिसणारी कॉइल आणि व्होल्टेज स्थिर ठेवणारे कपॅसिटर असतात. चार फेज असतील तर प्रत्येकीवर ३० अँपिअर येतात, आठ असतील तर १५. मॉस्फेटमध्ये करंट वाहताना होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे करंट अर्धा झाला की त्या भागातली ही उष्णता चौथाईवर येते. जास्त फेजच्या कार्डाचा व्हीआरएम थंड चालतो तो यामुळे.

चांगल्या बोर्डावर वरचा-खालचा मॉस्फेट आणि त्यांना चालवणारं सर्किट एकाच चौकोनी तुकड्यात असतं. त्याला पॉवर स्टेज म्हणतात आणि तो ५०, ५५, ७० अँपिअर अशा क्षमतेत येतो. स्वस्त बोर्डावर सुटे मॉस्फेट लावलेले दिसतात. सुटे म्हणजे लगेच वाईट असं नाही. १४५ वॉटच्या आरटीएक्स ५०६० ला ते पुरतात. ३०० वॉटच्या ५०७० टीआयला मात्र पॉवर स्टेज हवेतच.

कपॅसिटरचं आयुष्य तासांत मोजतात, उदाहरणार्थ १०५ अंश सेल्सिअसला ५००० तास. आकडा घाबरवणारा वाटतो, पण तो १०५ अंशांचा आहे. कार्डांवर असतात त्या घन पॉलिमर कपॅसिटरचं आयुष्य तापमान २० अंशांनी उतरलं की साधारण दहापट होतं, म्हणजे ८५ अंशांना ५०,००० तास. हेच गणित उलटही चालतं. बोर्ड कायम १०० अंशांवर भाजत राहिला तर उत्तम कपॅसिटरही लवकर म्हातारा होतो. कार्ड टिकायचं असेल तर भागांच्या दर्जाइतकाच विचार थंडाव्याचा करावा लागतो, तो यासाठी.

“फोटोत कपॅसिटर मोजले की क्वालिटी कळते ना?”

असं सांगणारे व्हिडिओ खूप आहेत. त्यांचा उगम २०२० च्या एका प्रसंगात आहे. त्या सप्टेंबरमध्ये आरटीएक्स ३०८० बाजारात आलं आणि काही कार्डं खेळताना बंद पडू लागली. चिपच्या मागच्या बाजूला मोठे पॉलिमर कपॅसिटर लावलेत की बारीक सिरॅमिक, यावरून वाद पेटला. सहा मोठे कपॅसिटर लावलेली आपली रचना चाचणीत टिकली नाही, म्हणून चार मोठे आणि वीस बारीक अशी बदलली, असं ईव्हीजीए या कार्ड बनवणाऱ्या ब्रँडने स्वतः सांगितलं. पण नंतर एनव्हिडियाच्या ड्रायव्हरचा, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, अपडेट आला आणि बहुतेक लोकांची अडचण बोर्डाला हात न लावता मिटली. चिप आपला वेग जरा जास्तच वर नेत होती, तो ड्रायव्हरने आवरला.

म्हणून फोटोतल्या मोजदादीवर फार विसंबू नका. एनव्हिडिया भागीदारांच्या बोर्डाची रचना आधी तपासते आणि व्होल्टेजची मर्यादाही तीच ठरवते. त्यामुळे नामांकित ब्रँडचा सगळ्यात स्वस्त बोर्डही किमान पातळीच्या खाली सहसा जात नाही. वरच्या बोर्डाने काय मिळतं ते तापमान आणि आवाज मोजणाऱ्या रिव्ह्यूमध्ये दिसतं. ज्या रिव्ह्यूत कार्ड उघडून व्हीआरएम आणि मेमरीचं तापमान दिलं आहे, तो वाचा. नुसतं खोकं उघडून दिवे दाखवणारा सोडून द्या.

नागपूरच्या उन्हाळ्याचं गणित

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि रिव्ह्यूत तो मिळत नाही. बहुतेक चाचण्या २० ते २५ अंशांच्या खोलीत होतात. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ च्या वर पारा जातो आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी ३८-४० सहज असतात.

हीटसिंक चिपला खोलीच्या तापमानापेक्षा किती वर ठेवतो, तो फरक त्याच लोडला आणि पंख्याच्या त्याच वेगाला जवळपास कायम राहतो. रिव्ह्यूत २२ अंशांच्या खोलीत कार्ड ६६ वर असेल तर फरक ४४. तेच कार्ड ३८ अंशांच्या खोलीत ८२ वर जाईल. त्याच चिपचं मोठ्या हीटसिंकचं मॉडेल रिव्ह्यूत ५८ वर असेल तर फरक ३६, म्हणजे आपल्याकडे ७४. बहुतेक चिप ८३ ते ९० च्या दरम्यान जोरात वेग उतरवतात. त्याआधीही एनव्हिडियाची चिप तापत जाईल तशी १५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी खाली येत असते. युरोपात बसून रिव्ह्यू करणाऱ्याला हे आठ अंश किरकोळ वाटतात. इथे त्या आठ अंशांवरच ठरतं की पंखे शांत फिरतील की दुपारभर घरघरतील.

हीटसिंक चांगला आहे का, हे ओळखायला वजन बघा. एकाच चिपच्या दोन कार्डांत जड असतं त्यात धातू जास्त असतो. चिपला टेकणारी तांब्याची सपाट पट्टी आहे की उष्णता वाहणाऱ्या नळ्याच थेट घासून टेकवल्या आहेत, ते पाहा. तांब्याची पट्टी अधिक भरवशाची, कारण तीच बाजूच्या मेमरी चिपवरही पोचते. काही स्वस्त मॉडेलांत मेमरीला हीटसिंक टेकतच नाही, नुसती हवा लागते. २०० वॉटपर्यंतच्या कार्डाला दोन पंखे पुरतात. २५० वॉटच्या ५०७० पासून नागपुरात तीन पंख्यांचंच घ्यावं, फक्त आधी कॅबिनेटमध्ये लांबी मिलिमीटरमध्ये मोजून.

पंख्याची बेअरिंग हा स्पेसिफिकेशनमधला एक शब्द न चुकता शोधा. साधी स्लीव्ह बेअरिंग उष्णतेत तेल गमावते आणि दोन-तीन उन्हाळ्यांत खरखरायला लागते. डबल बॉल बेअरिंग जरा आवाज करते, पण उष्णता सोसते. फ्लुइड डायनॅमिक शांतही असते आणि टिकतेही. एरवी कार्डात सगळ्यात आधी पंखेच बिघडतात.

“कूलर लावला की खोली थंड होते, मग काय प्रॉब्लेम?”

खोली थंड होते हे खरं, आणि कार्डाला त्याचा फायदाही होतो. पण डेझर्ट कूलरच्या झोतात कॅबिनेट ठेवू नका. गवताच्या किंवा वाळ्याच्या ताट्या जास्त भिजल्या की झोताबरोबर पाण्याचे बारीक थेंब येतात. बोअरच्या जड पाण्यातले क्षार बोर्डावर पांढरे बसतात, मागच्या बाजूच्या पोर्टच्या पत्र्यावर गंज धरतो. तो गंज पुढे वॉरंटीत आडवा येतो. कॅबिनेट झोताच्या रेषेतून बाजूला, जमिनीपासून वर आणि भिंतीपासून किमान वीतभर लांब असावं. पावसाळ्यात हवा आधीच दमट असते, तेव्हा त्या खोलीत कूलरमध्ये पाणी न घालता नुसता पंखा चालवलेला बरा.

उन्हाळ्यापुरता आणखी एक उपाय फुकटात होतो. एमएसआय आफ्टरबर्नर हे मोफत सॉफ्टवेअर कुठल्याही ब्रँडच्या कार्डावर चालतं. त्यात पॉवर लिमिट १०० वरून ८५ वर आणा. कामगिरी काही टक्केच घटते, पण १८० वॉटचं कार्ड १५३ वॉटवर येतं आणि तापमान लगेच उतरतं. शिवाय बऱ्याच कार्डांचे पंखे ५० ते ६० अंशांखाली पूर्ण थांबतात. चाळीस अंशांच्या खोलीत कार्ड नुसतं बसून त्या रेषेवर घुटमळतं आणि पंखे दर मिनिटाला चालू-बंद होतात. अशा वेळी पंखा किमान ३० टक्क्यांवर कायम ठेवलेला चांगला.

शहरात सिमेंट रस्त्यांची कामं कुठे ना कुठे चालू असतात, धूळ चुकत नाही. दोन महिन्यांनी ब्लोअरने झटका, पण पाती बोटाने धरून. मोकळी सोडली तर हवेच्या जोराने पंखा मर्यादेपलीकडे फिरतो आणि बेअरिंग जाते.

“मग मोठ्या ब्रँडचं सगळ्यात वरचं मॉडेल घेतलं की झालं?”

एकाच ब्रँडच्या छपराखाली फार वेगळी कार्डं असतात. आसुसचं ड्युअल साधं, टफ भक्कम. एमएसआयचं व्हेंटस साधं, गेमिंग मालिका त्यावर, सुप्रीम सगळ्यात वर. गिगाबाइटचं विंडफोर्स आणि ईगल साधे, गेमिंग मधलं, ऑरस वरचं. सफायरचं पल्स साधं पण नेकीचं, नायट्रो प्लस वरचं. “आसुस की गिगाबाइट” याला उत्तर नाही. “टफ की विंडफोर्स” याला आहे.

पैसे वसूल होतात ते बहुधा मधल्या पायरीवर. साध्या मॉडेलपेक्षा १० टक्क्यांपर्यंत जास्त देऊन मोठा हीटसिंक आणि चांगली बेअरिंग मिळत असेल तर आपल्या हवेत ते द्यावेत. त्यापुढचा पैसा दिवे आणि धातूच्या कवचात जातो. वरच्या मॉडेलची किंमत पुढच्या चिपच्या साध्या मॉडेलला भिडत असेल तर पुढची चिप घ्या. नावातल्या “ओसी” ला भुलू नका. कारखान्यातून वाढवून दिलेला वेग दोन-तीन टक्क्यांचा असतो, खेळताना तो जाणवत नाही.

वीज जोडताना

मदरबोर्डच्या स्लॉटमधून ७५ वॉट मिळतात, ६ पिनच्या केबलमधून ७५ आणि ८ पिनच्या केबलमधून १५०. हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या साटा केबलला अडॅप्टर लावून कार्डाला वीज देऊ नका. तिची क्षमता ५४ वॉट आहे आणि तिथेच प्लास्टिक वितळतं. मोठ्या कार्डांवर १६ पिनचा बारीक कनेक्टर असतो, तो ६०० वॉटपर्यंत नेतो. ऑक्टोबर २०२२ पासून आरटीएक्स ४०९० चे हे कनेक्टर जळाल्याच्या तक्रारी आल्या. अर्धवट बसलेला प्लग हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. प्लग शेवटपर्यंत दाबा, फट दिसता कामा नये, आणि कनेक्टरपासून पहिले साडेतीन सेंटिमीटर केबल सरळ राहू द्या. घरी चौकोनी वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर त्यावर गेमिंग पीसी चालवू नका. अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचे, म्हणजे आत येणारा करंट सुधारून घेणारे, एसएमपीएस त्यावर ट्रिप होऊ शकतात.

वॉरंटीचे प्रश्न पैसे देण्याआधी विचारा

भारतात कार्डांना साधारण तीन वर्षांची वॉरंटी असते, काही ब्रँड ऑनलाइन नोंदणी केल्यास वाढवून देतात. आकड्यापेक्षा हे विचारा: बिघडलेलं कार्ड नागपुरातच जमा होतं का, की मुंबईला स्वतः कुरिअर करायचं? कुरिअरचा खर्च कोणाचा? वॉरंटी बिलाच्या तारखेपासून की सिरियल नंबरातल्या उत्पादनाच्या तारखेपासून? दुसरं उत्तर आलं तर खोक्यावरचा सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून किती महिने उरलेत ते काउंटरवरच बघा. दुकानात वर्षभर पडून राहिलेल्या कार्डाचं एक वर्ष तिथेच गेलेलं असू शकतं.

तुमचा निर्णय दोन ब्रँडांत घुटमळत असेल आणि एकाचा कार्ड जमा करण्याचा काउंटर शहरात असेल, तर तोच घ्या, फेजची संख्या विसरून. जीएसटीच्या पक्क्या बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या. जळालेलं, गंजलेलं, तुटलेलं कार्ड वॉरंटीत घेत नाहीत. स्क्रूवरचं स्टिकर फाडून चिप आणि हीटसिंकमधली पेस्ट बदलली तरी बहुतेक ठिकाणी नकार मिळतो. शिक्षणासाठी पुण्याला पीसी न्यायचा असेल तर ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकण्याआधी कार्ड काढून मूळ खोक्यात ठेवा. जड कार्ड हादऱ्यांनी स्लॉटच्या कोपऱ्यात बोर्डाला चीर पाडतं, आणि ती चीर तुटफूट म्हणून मोजली जाते.

घरी आणल्यावर पहिला तास

खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा, सील आणि सिरियल नंबर दिसेल असा. कार्ड लावून ड्रायव्हर टाकला की जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर उघडा. कोअर, आरओपी, मेमरीचा प्रकार आणि बिट हे चार आकडे कंपनीच्या साइटशी ताडून बघा. जुन्या चिपवर नवं नाव चढवलेलं नकली कार्ड असेल तर हे सॉफ्टवेअर बहुधा नावाआधीच ‘फेक’ असं दाखवतं. स्वस्तात मिळणाऱ्या एएमडीच्या आरएक्स ५८० ला इथे खास जपा. मूळ कार्डात २३०४ कोअर असतात, २०४८ दिसले तर ते ५७० च्या तोडीचं आहे.

मग खोलीचं तापमान थर्मामीटरने बघून ठेवा आणि फरमार्क किंवा ओसीसीटी या चाचणीच्या सॉफ्टवेअरवर अर्धा तास लोड द्या. तापमानाचे आकडे दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फोमध्ये चिपचं तापमान आणि हॉटस्पॉट, म्हणजे चिपवरची सगळ्यात गरम जागा, यांतला फरक १० ते २० अंश असावा. २५ च्या पुढे गेला तर पेस्ट नीट बसलेली नाही, बदलून मागा. आरटीएक्स ५० मालिकेत हॉटस्पॉटचा आकडा दिसत नाही. तिथे खोली आणि चिप यांतला फरक रिव्ह्यूशी ताडून पाहा. १० अंशांहून जास्त तफावत असेल तर कॅबिनेटची बाजूची झडप उघडून पुन्हा चाचणी घ्या. झडप उघडल्यावर आकडा उतरला तर कार्ड चांगलं आहे, कॅबिनेटला पुढून हवा कमी मिळते आहे. नाही उतरला तर दुकानात परत जायची वेळ तीच, कारण बदलून देण्याची मुदत बहुधा काही दिवसांचीच असते. लोडवर बारीक किणकिण ऐकू आली तर ती कॉइलची असते. कानाला त्रास होतो, कार्डाला नाही, आणि वॉरंटीत ती दोष धरत नाहीत.